खालच्या पानानं वरच्या पानाला काय सांगितलं

आधी हात धुवा. साबण लावून, नखांच्या खालीसुद्धा. खिशात सिगारेटचं पाकीट असेल तर ते दाराबाहेर ठेवा. १९६१ साल चालू आहे. तुम्ही न्यूयॉर्क राज्यात, इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या काचघरात आला आहात. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळल्या पानातही तग धरतो, विडीकाडीतून ओढणाऱ्याच्या बोटांवर येतो, आणि बोट लागलं की हिरव्या पानात शिरतो. तुमच्या एका स्पर्शानं इथलं महिन्याभराचं काम मातीत जाईल.

समोर ओळीनं कुंड्या आहेत. निपाणीकडच्या माणसाला हे झाड ओळखायला वेळ लागायचा नाही: रुंद, लवदार, बोटाला चिकटणारं पान. पण ही 'सॅमसुन एनएन' जात मुद्दाम निवडलेली आहे. विषाणू शिरला की तिच्या त्या जागेभोवतीच्या पेशी आपणहून मरतात. पानावर वाटोळा तपकिरी ठिपका पडतो आणि विषाणू त्यातच कोंडला जातो. बाकीचं पान हिरवंगार राहतं.

ए. फ्रँक रॉस हे इथले वनस्पती-विषाणूंचे अभ्यासक. त्यांचा प्रयोग इतका साधा आहे की तुम्हालाही करता येईल. एका कुंडीतल्या झाडाच्या खालच्या पानांवर विषाणूचं पाणी चोळायचं, दुसऱ्या कुंडीला हात लावायचा नाही. आठवडाभर थांबायचं. मग दोन्ही झाडांच्या वरच्या, कोवळ्या पानांवर तोच विषाणू चोळायचा आणि ठिपके उमटायची वाट पाहायची.

ठिपके आले. वाका आणि पट्टी लावून मोजा. ज्या झाडाला आधी काहीच झालं नव्हतं, त्याच्या वरच्या पानावर नेहमीचे मोठे डाग आहेत. ज्याच्या खालच्या पानांनी आठवड्यापूर्वी मार खाल्ला होता, त्याच्या वरच्या पानावरचे ठिपके त्यांच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढेच, आणि बहुधा संख्येनंही कमी. रॉस यांनी दिवस मोजून ठेवले आहेत: दोन-तीन दिवसांत हा फरक दिसायला लागतो, सातव्या दिवसाच्या सुमारास पुरा भरात येतो आणि जवळपास वीस दिवस टिकतो.

पहिला विषाणू वर पोचलाच नव्हता, तो खालच्या ठिपक्यांतच अडकून पडला होता. तरी वरचं पान सावध होतं. झाडाला रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. मग वर्दी दिली कुणी? रॉस यांनी या सावधपणाचं वर्णन नेमकं केलं आणि त्याला 'सिस्टेमिक अक्वायर्ड रेझिस्टन्स' म्हटलं. वर्दी देणारा मात्र त्यांच्या हाती लागला नाही. तो हाती लागायला आणखी चार दशकं जायची आहेत, आणि त्याचा माग एका बटाट्यापासून सुरू होतो.

पॅरिस, १९७५. इथे फार वेळ थांबायचं कारण नाही. ज्याँ-क्लोद कादेर बटाट्याच्या रसातून पेशींचे भाग वेगळे करत आहेत. एका भागातल्या स्निग्ध रेणूंना त्यांनी किरणोत्सारी खूण लावली आहे. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हे रेणू आपली जागा सोडून दुसऱ्या भागात सहज जायला नकोत. पण रसातली काही प्रथिनं घातली की ते भराभर जातात. म्हणून या प्रथिनांचं नाव पडलं लिपिड ट्रान्सफर प्रोटीन, म्हणजे स्निग्ध पदार्थ वाहून नेणारी प्रथिनं. आपण त्यांना एलटीपी म्हणू. परीक्षानळीत जे दिसलं त्यावरून सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली की हा पेशीच्या आत, या खोलीतून त्या खोलीत तेल पोचवणारा हमाल असणार.

तो हमाल जवळून बघून घ्या, कारण पुढे तोच भेटत राहणार आहे. हे प्रथिन फारच छोटं आहे, नव्वदेक अमिनो आम्लांचं. चार काटक्यांची मोळी बांधावी, तिला चार ठिकाणी गाठी माराव्यात आणि मधे पोकळी राहावी, अशी त्याची ठेवण. काटक्या म्हणजे प्रथिनाचे पीळ, गाठी म्हणजे गंधकाचे बंध. या गाठींमुळे ते उकळूनही सहसा मोडत नाही. बिअर करताना जवाचं पाणी खळाखळा उकळतात, तरी जवातलं एलटीपी त्यातून पार पडतं आणि पेल्यावरचा फेस धरून ठेवायला मदत करतं. मधली पोकळी तेलकट रेणू बसवायला. बस, एवढंच यंत्र.

१९९० च्या सुमारास गडबड लक्षात यायला लागली. एलटीपीची जनुकं वाचली, तर प्रत्येक प्रथिनाच्या सुरुवातीला 'पेशीबाहेर पाठवा' अशी चिठ्ठी जोडलेली. गाजराच्या पेशींनी ते बाहेरच्या पाण्यात सोडलेलं सापडलं. १९९४ साली ब्रोकोलीच्या पानावरचं मेण तपासलं, तर त्यात सगळ्यांत जास्त असलेलं प्रथिन हेच निघालं. हे काम करणाऱ्यांत केरळात जन्मलेले आणि अमेरिकेत नाव कमावलेले पी. ई. कोलाट्टुकुडी होते. पानाच्या मेणकट आवरणाचा आणि ते फोडणाऱ्या बुरशीच्या विकरांचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. म्हणजे आतला हमाल म्हणून ज्याची ओळख करून दिली होती, तो उंबरठ्याबाहेर उभा होता.

उंबरठ्यावर का, हे कळायला लांब मागे जावं लागेल. चाळीस कोटी सत्तर लाख वर्षं मागे.

पाय जपून टाका, पाणी गरम आहे. हा आजच्या स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाचा परिसर. गरम झऱ्यांतून सिलिका मिसळलेलं पाणी वर येतं आणि जे सापडेल त्याला दगडात कोंडतं. झाडं म्हणावीत तर गुडघ्यालाही न लागणारे हिरवे दांडे. बहुतेकांना पानं नाहीत, फुलं तर करोडो वर्षं दूर आहेत. पाण्यातलं आयुष्य सोडून वनस्पती नुकत्या जमिनीवर सरावताहेत. एक दांडा मोडून त्याची कड निरखा. बाहेरून पातळ, चकचकीत थर आहे, मेण आणि क्युटिनचा. तो नसता तर हा दांडा उन्हात तासाभरात सुकून गेला असता. दांड्याच्या आत बुरशीचे धागेही आहेत. काही उपकारी, काही सरळ अंगावर आलेले. १९१२ साली विल्यम मॅकी नावाच्या डॉक्टरांना इथले दगड सापडले आणि पुढे त्यांच्या चकत्यांमध्ये हे सगळं, रंध्रांसकट, दिसलं.

प्रथिनं दगडात टिकत नाहीत, तेव्हा त्या दांड्यात एलटीपी होतंच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पुरावा जिवंत वनस्पतींकडून येतो. स्वीडनमधल्या लिंकशॉपिंगच्या संशोधकांनी २०११ साली वेगवेगळ्या वनस्पतींची जनुकं चाळली. लिव्हरवर्ट आणि मॉस या जमिनीवरच्या जुन्या घराण्यांत एलटीपी होतं. हिरव्या शेवाळांत मिळालं नाही. मेणाचा थर पेशीच्या बाहेर बसतो, त्याचा माल पेशीच्या आत तयार होतो, आणि मधे पाण्यानं भिजलेली पेशीभित्तिका आहे. तेलकट माल त्या ओल्या भिंतीतून पलीकडे नेणारा कुणीतरी हवाच. जमिनीवर येणं आणि एलटीपी असणं या दोन गोष्टी बरोबर आल्या, असं म्हणायला जागा आहे.

रोगाशी याचा संबंध सरळ आहे. २००९ साली मोहरीच्या कुळातल्या अॅरॅबिडॉप्सिस या छोट्या प्रयोगवनस्पतीत एलटीपीजी नावाचं जनुक मोडून पाहिलं. आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा मेळ बिघडला आणि अल्टरनेरिया बुरशी त्या झाडावर जास्त चढली. याच अल्टरनेरियाची भावंडं आपल्याकडे कांद्यावर जांभळा करपा आणतात, टोमॅटोवर लवकर येणारा करपा आणतात. ढगाळ हवा, पानावर पाणी साचलेलं, आणि सकाळी पाहावं तर पातीवर जांभळट चट्टे. नाशिक-नगरच्या शेतकऱ्याला हे वर्णन वाचून दाखवायची गरज नाही.

आता माद्रिद, १९९३. फ्रान्सिस्को गार्सिया-ओल्मेडो यांच्या प्रयोगशाळेत अँतोनियो मोलिना आणि सहकारी जवाच्या आणि मक्याच्या पानांचा अर्क काढून त्यातली प्रथिनं एकेक करून वेगळी करत आहेत. प्रत्येक प्रथिन रोगजंतूंच्या वाट्याला घालायचं आणि जंतू वाढतात की अडतात ते बघायचं. बटाट्याचा कंद सडवणारा एक जिवाणू, मर रोगाचा जिवाणू, फ्युजारियम बुरशी. जी प्रथिनं त्यांना अडवतात ती वाचून पाहिली, तर ती निघाली एलटीपी. चार वर्षांनी याच लोकांनी जवाचं एलटीपीचं जनुक तंबाखूत आणि अॅरॅबिडॉप्सिसमध्ये घातलं आणि जिवाणूचा रोग त्या झाडांवर कमी फोफावला. म्हणजे हे प्रथिन आवरणाला माल पुरवतं आणि वर जंतूलाही मारतं. कसं मारतं? बहुधा त्याच्या पेशीपटलाला खिंडार पाडून, आतला ऐवज बाहेर गळू देऊन.

इथून बेल्जियमला, लूव्हनला, १९९५ सालात. इथे हातात कांद्याचं बी आहे: काळं, टोकदार, आपण पेरतो तेच. त्यातून काढलेल्या प्रथिनाला एस-एएमपी-१ म्हणतात. बारा रोगकारक बुरश्यांवर ते वापरून पाहिलं आणि बाराही बुरश्या मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅमहून कमी मात्रेत अडल्या. क्षार मिसळले की अशी बरीच प्रथिनं लुळी पडतात, हे पडलं नाही. पण मौज पुढेच आहे. ठेवण एलटीपीची, कुळ एलटीपीचं, आणि याला तेल वाहता येत नाही! मधली पोकळी जवळपास बुजलेली. कुळातल्या या एकानं हमाली सोडून पूर्ण वेळ मारामारीच पत्करली.

या टप्प्यावर बहुतेक लोक थांबतात, आणि माझं मत असं की इथेच चुकतात. 'झाडाचं स्वतःचं बुरशीनाशक' ही बातमी छापायला सोपी असते. पण एखाद्या प्रथिनानं काचेच्या बशीत बुरशी मारली म्हणून शेतातही त्याचं मुख्य काम तेच असेल, असं होत नाही. आणि वर्दी कुणी दिली, हा इथाकातला आपला प्रश्न अजून तसाच आहे.

उत्तराची पहिली चाहूल दिजों इथे लागते, २००१ मध्ये. फ्रेंच संशोधकांसमोर फायटॉप्थोरा आहे, म्हणजे आपल्या नागपुरी संत्र्याला डिंक्या आणणारं घराणं. या घराण्याला लागणारे स्टेरॉल नावाचे स्निग्ध रेणू स्वतः बनवता येत नाहीत. ते बाहेरून उचलायला त्याच्याकडे इलिसिटिन नावाची छोटी, पोकळ प्रथिनं आहेत. तंबाखूच्या पेशीवर या इलिसिटिनला ओळखणारी एक जागा असते. ती जागा भरली की झाड खडबडून जागं होतं. फ्रेंच संशोधकांनी तिथे गव्हाचं एलटीपी नेऊन पाहिलं, तर तेही नेमकं त्याच जागी जाऊन बसलं. नुसतं बसलं, तेव्हा झाड जागं झालं नाही. पुढे २००४ साली तंबाखूच्याच एलटीपीच्या पोकळीत जॅस्मोनिक आम्ल हा झाडातला रेणू भरून दिला, तेव्हा झाड फायटॉप्थोराविरुद्ध सावध झालं. पोकळीत काय भरलंय यावर सगळं ठरत होतं.

आणि आता २००२. ज्या वर्षी भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेच साल. ट्यूबलाइटच्या प्रकाशातली वाढखोली आहे, तबकांत अॅरॅबिडॉप्सिसची रोपं, तळहाताएवढी, पानं जमिनीलगत गोल मांडलेली. काम आहे रॉबिन कॅमेरॉन, ख्रिस लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. सुई काढलेली सिरिंज घ्या. तिच्यात जिवाणूचं पाणी आहे. एक खालचं पान उलटं करा, सिरिंजचं तोंड पानाच्या पाठीला टेकवा, दुसऱ्या बाजूनं बोटाचा आधार द्या आणि हळू दाबा. पानात ओला, गडद डाग पसरताना दिसेल. जोर जास्त झाला तर पान फाटतं, कमी झाला तर पाणी बोटावरून ओघळतं. असं रोपामागून रोप. दोन दिवसांनी वरच्या पानांत रोग आणणारा जिवाणू तसाच सोडायचा. मग पानाच्या टिकल्या पाडून, वाटून, बशीत पसरून जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या.

साध्या रोपात रॉस यांचाच निकाल आला: वरचं पान सावध. पण ज्यांची जनुकं मुद्दाम मोडली आहेत अशा रोपांत एक विचित्र रोप निघालं. त्याचं खालचं पान जिवाणूशी झगडतं, अगदी व्यवस्थित. वरच्या पानाला मात्र पत्ताच नाही. त्याचं मोडलेलं जनुक शोधलं, त्याला डीआयआर-१ नाव मिळालं, आणि त्यापासून बनणारं प्रथिन निघालं एलटीपीच्या कुळातलं.

खरी खुबी पुढच्या तपासणीत आहे. रोगट पानांचे देठ कापून त्यातून झिरपणारा रस गोळा केला. चांगल्या झाडाच्या रसानं सदोष झाड जागं होत होतं. सदोष झाडाच्या रसानं कुणीच जागं होत नव्हतं. म्हणजे ऐकायचे कान शाबूत होते, निघणारा निरोपच अर्धवट होता. २०१३ साली दाखवलं गेलं की डीआयआर-१ स्वतः रोगट पानातून दूरच्या पानात जाऊन पोचतं. रॉस यांच्या काचघरातली वर्दी नेणाऱ्यांपैकी एक सापडला.

एक म्हणतो, एकुलता एक नव्हे. डीआयआर-१च्या स्फटिकात पोकळीमध्ये दोन स्निग्ध रेणू शेजारी शेजारी बसलेले दिसले. पण जिवंत झाडात तो सोबत काय घेऊन जातो, यावर उमेदवार पुष्कळ: अॅझेलाइक आम्लाशी निगडित वाट, ग्लिसरॉल-३-फॉस्फेट, डिहायड्रोअॅबिएटिनाल, आणि सॅलिसिलिक आम्लाचं उडून जाणारं रूप. संशोधकांमध्ये यावर वाद आहे, आणि तो चांगला आहे. झाड एकाच निरोप्यावर भरवसा ठेवत नसावं.

शेवटचा मुक्काम जवळचा. वडोदरा, २००६, महाराजा सयाजीराव विद्यापीठ. गायकवाडांच्या या शहरात मराठी ऐकू येणं अजून नवलाचं नाही. भरत छत्तू यांच्या प्रयोगशाळेत दोन कामं चालू आहेत आणि दोन्हींत तेच कांद्याच्या बीचं जनुक आहे. राजेश पाटकर यांच्यासोबत ते इंडिका भातात घातलं आहे. त्या भातावर करप्याची बुरशी सोडली, पर्णकोष करप्याची बुरशी सोडली, जिवाणूजन्य करपाही सोडला. तिन्ही रोग साध्या भाताहून कमी पडले. एकाच जनुकानं बुरशी आणि जिवाणू दोन्ही आवरावेत, हे सहसा होत नाही.

दुसरं काम गव्हावरचं, शुभंकर रॉय-बर्मन आणि झुरिकचे क्रिस्टॉफ झाउटर यांच्यासह. समोरच्या पुडीतला काळपट दाणा चिमटीत चुरडा. सडक्या मासळीचा वास आला ना? हा कर्नाल बंट. १९३१ साली हरयाणातल्या कर्नालला मित्रा यांनी नोंदला म्हणून हे नाव. कांद्याचं जनुक घातलेल्या गव्हानं भुरीला जास्त तोंड दिलं. त्याहून मोलाची गोष्ट अशी की कर्नाल बंटची बुरशी सोडल्यावर त्या गव्हाची स्वतःची बचावाची यंत्रणाही जास्त जागी झालेली दिसली. तेल वाहायचं सोडलेल्या त्या प्रथिनानंसुद्धा नुसती बुरशी मारली नाही, यजमानालाही उठवलं. माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रवासात हाच निकाल सगळ्यात बोलका आहे. रोग बरेचदा जिंकतो तो झाड दुबळं असतं म्हणून नव्हे, उशिरा जागं होतं म्हणून. एलटीपीचा उपयोग करायचा तर झाडाला लवकर उठवण्यासाठी करावा. नुसतं बुरशीनाशक म्हणून त्याच्याकडे बघितलं तर फवारणीच्या डब्याशी तुलना होईल, आणि त्या तुलनेत ते बहुधा हरेल.

अडचणी लपवू नयेत. जे प्रथिन उकळून मोडत नाही, ते पोटातही सहज पचत नाही. पीच फळातल्या एलटीपीनं भूमध्य सागराकाठी किती जणांना तीव्र अॅलर्जी होते, हे तिथले डॉक्टर जाणतात. तेव्हा भातात किंवा गव्हात असं प्रथिन वाढवायचं तर ही तपासणी आधी व्हायला हवी, आणि ती कुणी टाळू नये. दुसरं, जनुक बदललेल्या अन्नपिकांचा रस्ता आपल्याकडे अडलेला आहे. २०१० च्या फेब्रुवारीत बीटी वांग्याला स्थगिती मिळाली ती उठलेली नाही. वडोदऱ्याचं ते बियाणं कुणा शेतकऱ्याच्या पिशवीत आलेलं नाही.

पिशवीत बियाणं नाही, पण दुकानात बाटल्या आहेत. 'पिकाची रोगप्रतिकारशक्ती वाढवते' असं लिहिलेली बाटली कृषी सेवा केंद्रात कुणी हातात ठेवली, तर दोन गोष्टी विचारा. अशी बायोस्टिम्युलंट उत्पादनं केंद्रानं २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली आणली आहेत, तेव्हा नोंदणी दाखवा म्हणा. आणि कोणत्या कृषी विद्यापीठाच्या चाचणीत, कोणत्या पिकावर, न फवारलेल्या वाफ्याशी तुलना करून किती फरक पडला, तो कागद मागा. रॉस यांनीसुद्धा एका कुंडीला हात न लावता ठेवली होती. कागद नसेल तर पैसे बीजप्रक्रियेवर खर्च करा.